अर्ध्या पट्टीचा हट्ट

हेमावतीला ऐकू येत नाही, असं घरात ठरल्याला तीन आठवडे झाले होते. आणि या तीन आठवड्यांत तिला जेवढं ऐकू आलं, तेवढं चौसष्ट वर्षांत कधी आलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात कढीपत्ता खुडत उभी असली की हॉलमधून गिरिधर बायकोला म्हणायचा, “मोठ्यानं सांग अम्माला, ऐकू जायचं नाहीं.” ते ऐकू जायचं. लिफ्टमध्ये तळमजल्यावरची रंजनी कुणाला तरी म्हणायची, “पावम, मामीचे कान गेले.” तेही जायचं. पावम म्हणजे बिचारी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची चिठ्ठी कुणाकडून कुणाकडे गेली ते सांगितलं, त्या बाईला आता पेरुंगुडीच्या एका लिफ्टमध्ये बिचारी म्हणत होते.

आणि सगळ्यांत जास्त ऐकू यायचं ते सकाळी साडेआठला. तीन वर्षांची ऊर्मी पाळणाघराच्या व्हॅनमध्ये चढताना गेटाशी हंबरडा फोडायची. “आजीकडे! आजीकडे राहायचं!” दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, डाव्या मनगटाला प्लास्टर घालून उभ्या असलेल्या हेमावतीला त्यातला एकेक हुंदका मोजता यायचा. गणिताची बाई, मोजायची सवय सुटत नाही.

सहा महिन्यांची असल्यापासून पोर तिच्याजवळ वाढली होती. सून नंदिता सांगलीकडची, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात. आठवड्याआड पाळी बदलायची. पहाटेची पाळी असली की सव्वापाचला कंपनीची बस गाठायची, दुसरी असली की घरी यायला रात्र. तिनं अपघातानंतर आठ दिवसांनी सासूसमोर बसून, हात हातात घेऊन सांगितलं होतं, “आई, वाईट वाटून घेऊ नका. पण ऊर्मी बाथरूममध्ये पडली, ओरडली आणि तुम्हाला ऐकू नाही आलं तर? एवढी मोठी गाडी अंगावर आली, ती तुम्हाला कळली नाही. मला नाही धीर होत.”

हेमावतीनं काय बोलावं? गाडी कळली नव्हती, हे खरंच होतं. तिथंच तर गाठ बसली होती.

त्या दिवशी घडलं होतं ते असं.

धनुर्मासाचा पाचवा दिवस. त्या महिन्यात पहाटे साडेपाचला इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये भजनाची गोष्ठी बसते. तंजावरकडची आठ-दहा मराठी घरं, त्यांच्याबरोबर आता इमारतीतली तमिळ माणसंही. म्होरके हेमावतीचे यजमान राममूर्ती राव. बँकेतून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर, पण आवाज खणखणीत. विशीत ज्या पट्टीत गायले तीच पट्टी आजही, हा त्यांचा मोठा अभिमान. लोकांचे गुडघे उतरतात, दात उतरतात, यांची पट्टी उतरत नाही. पेटी वाजवणारे राघोत्तममामा वेलच्चेरीला राहायचे, ऐंशीच्या घरातले. त्यांना आणायला गिरिधर रोज पहाटे आपली नवी, विजेवरची गाडी घेऊन जायचा.

हेमावतीचा नेम वेगळा. साडेचारला स्नान. मग खाली गेटाजवळ, उताराच्या कडेला जे छोटं गणपतीचं देऊळ आहे, इथले लोक त्याला पिल्लैयार म्हणतात, त्याच्यासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम काढायचं, दिवा लावायचा, एकशे आठ नावं घ्यायची. तोवर पाण्याचा थेंब नाही आणि तोंडातून शब्द नाही. गिरिधर तीन वर्षांचा असताना टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा बोललेला नेम. एकतीस वर्षं झाली. बाहेरगावी, लग्नघरात, आईच्या तेराव्याला, कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी ती उकिडवी बसून कोलमाच्या ठिपक्यांना रेघा जोडत होती. पार्किंगमधून भजनाचे सूर येत होते. आणि मागून काहीतरी थंड, गुळगुळीत तिच्या खांद्याला टेकलं. टेकलं आणि ढकलत गेलं. राघोत्तममामांना आणायला निघालेल्या गिरिधरची गाडी उलटी येत होती. मागच्या सेन्सरची आत वाजणारी टीटी खांबांना बघूनही चालायची, म्हणून तो त्या आवाजाकडे लक्ष देत नसे. हेमावती डाव्या हातावर पडली. मनगटात काटकी मोडल्यासारखं झालं. पिठाचा डबा उतारावरून गडगडत गेला, त्याच्या आवाजानं गिरिधर थांबला.

ती ओरडली नाही. दिवा लागला नव्हता.

इस्पितळात डॉक्टरनं तमिळमध्ये विचारलं, झालं कसं? गिरिधर कोपऱ्यात उभा राहून रडत होता. हेमावती मनातल्या मनात नावं घेत होती, अजून चाळीस राहिली होती. तेवढ्यात राममूर्तींनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, “हिला हल्ली जरा कमी ऐकू येतं, डॉक्टर. वय जाहलं.”

तिनं जोरजोरानं मान हलवली. नाही, नाही. डॉक्टरला वाटलं दुखतंय. त्यानं नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं.

चाळीस नावं संपली, मौन सुटलं, तेव्हा ते वाक्य कागदावर उतरून गेलेलं होतं. ती म्हणाली, “मला नीट ऐकू येतं.” राममूर्ती हसून म्हणाले, “ज्यास ऐकू येत नाहीं, तो असंच म्हणतो.” आणि गिरिधरनं डोळे पुसत त्या हसण्यात आपलं हसणं मिसळलं. नंतर कानाची तपासणी झाली, तिच्या अहवालात आलेखाखाली लिहून आलं: ‘वयोमानानुसार किंचित घट.’ राममूर्तींनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि विजयी मुद्रेनं फ्रिजवर चुंबकाखाली लावला. पुढे त्यांच्या गोष्ठीतच ती बातमी आठ घरांत गेली, आठाची चाळीस झाली.

खरं सांगायचं तर, पहिले दहा दिवस हेमावतीनं स्वतःलाच दोष दिला. देवा, कान दिलेस ते तूच, नेशील तेव्हा तूच नेशील. खाली जायला तिला बंदी झाली होती, म्हणून ती गॅलरीतच पाटावर कोलम काढी, दिवा लावी. पण फ्रिजवरचा तो आलेख येता-जाता तिच्या डोळ्यांत खुपायचा. रेघ सरळ चालली होती आणि पार शेवटी, उजव्या टोकाला, जिथं सगळ्यांत उंच स्वर असतात तिथं जराशी वाकली होती. उंच स्वर म्हणजे डासाची पिन्‌पिन, कुकरच्या शिट्टीचं टोक. आणि गाडीची घुमघुम? ती तर खालची. तंबोऱ्यासारखी. गाडी घेतली त्या महिन्यात हेमावतीनंच ऊर्मीला सांगितलं होतं, ऐक, गाडी ‘ऊंऽऽ’ करते, झोपेतून उठलेल्या हत्तीसारखी.

मग तो हत्ती त्या दिवशी का नाही ऐकू आला?

तिसऱ्या मजल्यावरच्या वेंकटकडे तीच गाडी होती. त्याच कंपनीची, तीच पांढरी. एका सकाळी नामं संपवून ती गॅलरीत उभी होती आणि खालून ऊंऽऽ आलं. वेंकटची गाडी उतारावरून रस्त्यावर गेली. दोन मजले खाली, मध्ये भजनाचा गलका, तरी तिला स्वच्छ ऐकू आलं. मग थोड्या वेळानं गिरिधर राघोत्तममामांना घेऊन आला. गाडी गेटातून आत शिरली, देवळाशी वळली, खांबांमध्ये जाऊन थांबली. मांजर जावं तशी.

हेमावतीनं गॅलरीचा कठडा धरला.

एका दिवसावर काही सिद्ध होत नाही. तिनं भिंतीवरच्या तारखांच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा केल्या. चार दिवस. वेंकट: आवाज, आवाज, आवाज, आवाज. गिरिधर: काही नाही, काही नाही, काही नाही, काही नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. राममूर्ती गोष्ठीनंतर लोकांबरोबर कॉफीला गेले होते, गिरिधर आत झोपला होता. तिनं नंदिताला हाक मारली.

“नंदिता, गाडीची किल्ली घे. मला जरा एक गोष्ट दाखव.”

“आई, खाली नको, तुम्हाला—”

“मला काय? बहिरीला उतारही दिसत नाहीं का?”

सासूच्या आवाजात ही धार नंदितानं आजवर ऐकली नव्हती. ती गुपचूप किल्ली घेऊन आली. हेमावती खांबाला टेकून उभी राहिली. “हळू चालव. इथून तिथवर. मग उलटी घे.”

नंदितानं काच खाली केली आणि गाडी दहा पावलं पुढं नेली. तिथं थांबली. पुन्हा दोन पावलं नेली. मग खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कारखान्यातला चेहरा आला होता.

“आई, हिचा आवाज बंद आहे.”

“हूं.”

“मी हिला कधी चालवतच नाही हो. रविवारी आत बसते, एसी, गाणी... बाहेर काय चाललंय ते कुठं कळतं? कारखान्यात आम्ही एकेक गाडी चालवून ऐकतो. आवाज आला नाही तर बाहेर सोडत नाही. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, लोकांना कळायलाच तर हा मुद्दाम घातलेला असतो.” बोलता बोलता तिनं बॉनेट उघडलं, मोबाइलचा दिवा लावला, बंपरच्या आत हात घातला. बराच वेळ चाचपडली. “पुढं आत एक भोंगा असतो, छोटा... हा बघा. वायर काढून ठेवलीय. तुटलेली नाही. काढलीय.”

वायरचं टोक खडखडू नये म्हणून त्याला एक चिंधी गुंडाळून, गाठ मारून ठेवली होती. पांढरं सुती कापड, कडेला डाळिंबी काठ आणि काठात बारीक जरीची रेघ.

चिंधी राममूर्तींच्या उपरण्याची होती. ते उपरणं हेमावतीनं स्वतः कुंभकोणमहून आणलं होतं. दर आठवड्याला निळीत घालून ती ते वाळवायची. महिन्याभरापूर्वी त्याचा एक काठ फाटलेला दिसला तेव्हा विचारलंही होतं, आणि राममूर्ती म्हणाले होते, “दाराच्या कडीत अडकलं असेल.”

तिच्या तळपायातून काहीतरी निघालं आणि डोक्यात जाऊन थांबलं. रागावणं तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत मुलांवर रागावावं लागतं. पण तो राग काखोटीला मारून आणलेला असे, घंटा झाली की ठेवून द्यायचा. हा तसा नव्हता. हा घरचा होता. गाडीनं हात मोडला त्याचा तिला राग नव्हता; प्लास्टर निघेल, हाड सांधेल. ज्या माणसानं आपल्या हातानं ती गाठ मारली, त्यानंच इस्पितळात तिच्या उशाशी उभं राहून डॉक्टरला सांगितलं होतं, हिला ऐकू येत नाही. तिला बोलता येत नव्हतं त्या घटकेला सांगितलं होतं. एकतीस वर्षं तिचा नेम जवळून पाहिलेल्या माणसाला ती घटका बरोबर ठाऊक होती.

वर गेल्यावर बोलली ती नंदिता. सांगलीची पोर, तिला आवाज चोरायची सवय नाही. गिरिधरला तिनं पांघरूण ओढून उठवलं. चिंधी त्याच्या छातीवर टाकली.

“हे काय आहे? बोल. लाज वाटते का? स्वतःच्या आईच्या अंगावर गाडी घातलीस आणि वर आईलाच बहिरी केलंस? मला, मला म्हणालास, ऊर्मीला आईंकडे ठेवणं सेफ नाही! मी माझं रडतं पोर व्हॅनमध्ये कोंबतेय रोज!”

गिरिधर उठून बसला. सॉफ्टवेअरवाला गडी, सिरुसेरीच्या कचेरीत पंधरा जणांवर साहेब. इथं तो चिंधीची गाठ चाचपत राहिला. “अप्पा म्हणाले... श्रुती बिघडते. गाडी खालून जाते तेव्हा अख्खी गोष्ठी अर्धी पट्टी खाली घसरते. रोज भांडण. व्हिडिओ बघून मी वायर काढली, अप्पांनी चिंधी बांधली, दोन मिनिटांचं काम. धनुर्मास संपला की लावणार होतो. अम्मा, देवाशपथ, मी सांगणार होतो...”

“देवाला मध्ये आणू नको,” हेमावती म्हणाली. हळूच म्हणाली.

दारात राममूर्ती उभे होते. हातात प्रसादाची पुडी. चिंधी त्यांनी पाहिली. ते सोफ्यावर बसले, पुडी बाजूला ठेवली, आणि त्यांच्या तोंडून क्षमेचा शब्द येईल म्हणून ती थांबली होती. ते म्हणाले,

“जाहलं तें जाहलं. गिरी, आज वायर लावून टाक. बाहेर वाच्यता नको. असोसिएशनला कळलं तर पोलिसांत जातील, मुलाच्या नोकरीवर येईल. तूं आई आहेस, इतकं तुला कळतं.”

“मला ऐकू येत नाहीं ना. कळेल कसं?”

“हेमा, टोमणे मारूं नको. मी काय स्वतःसाठी केलं? देवाच्या कार्यासाठी केलं.”

“देवाच्या?” ती उभीच होती. “तुमच्या पट्टीसाठी केलं. गाडी अर्धी पट्टी खाली होती, तर तुम्ही अर्धी खाली उतरायचं होतं. राघोत्तममामांना सांगितलं असतं तर त्यांनी पेटीवर दोन बोटं सरकवली असती. तुम्हांस पट्टी उतरवायची नव्हती, म्हणून मला उतरवलं.”

“पोदुम,” राममूर्ती म्हणाले. पुरे.

“नाहीं पुरे. गोष्ठीत तुम्ही सांगितलंत माझे कान गेले. गोष्ठीतच सांगा, गेले नाहींत. कां गाडी ऐकू आली नाहीं तेही सांगा. उद्या.”

“उद्या सत्ताविसावा दिवस! बाहेरची माणसं येणार. संक्रांत होऊं दे, मग पाहूं.”

नंदिता म्हणाली, “आई, सोडा त्यांना. ऊर्मी उद्यापासून तुमच्याकडे. मी पाळणाघराला फोन करते.”

हेमावतीनं मान हलवली. “आणि परवा तिचा गुडघा फुटला की ही चाळीस घरं काय म्हणतील? बहिऱ्या आजीकडे ठेवली. तुझ्याही मनात येईल, येईल की नाहीं? मला पोर दयेनं नको. ज्यांनी नेली त्यांनी आणून द्यावी.”

त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, ताटं वाढली, राममूर्तींना ताक हवं होतं ते दिलं. त्यांना वाटलं, निवळली.

धनुर्मासाचा सत्ताविसावा दिवस मोठा. पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, गूळ-तुपाचा गोड भात पितळी पातेल्यात झाकून ठेवला होता, माईक लावला होता. पन्नासेक माणसं. राघोत्तममामा पेटी उघडून बसले होते. हेमावती नऊवारी नेसून, उजव्या हातात पिठाचा डबा घेऊन जिन्यानं खाली आली आणि देवळासमोर बसली. तीन आठवड्यांनी. ठिपके घातले. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून रेघा ओढायला लागली.

रंजनी धावत आली. कानाशी वाकून, अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशी ओरडली, “मामी! इथं बसूं नका! गाड्या येतात!”

हेमावतीनं तिच्याकडे पाहिलं आणि रेघ पुरी केली. मग मान वर करून राममूर्तींकडे पाहिलं. पंधरा पावलांवर ते बसले होते. आता सांगा. अजून वेळ गेलेली नाही. भजन सुरू व्हायच्या आत दोन वाक्यं.

त्यांनी तिची नजर ओळखली. बेचाळीस वर्षांचा संसार. नजर ओळखली नाही असं होत नाही. त्यांनी माईक जवळ ओढला.

“मंडळी, जरा त्या बाजूस लक्ष असूं द्या,” ते गोड आवाजात म्हणाले. “आमच्या घरच्यांस ऐकू कमी येतं, ठाऊकच आहे तुम्हांस. पण भक्ती पाहा, भक्ती!”

लोक कौतुकानं हसले. कुणी तरी हातही जोडले.

दिवा लागला नव्हता. एकशे आठांतलं एकही नाव घेतलेलं नव्हतं. हेमावतीनं पिठाचा हात पदराला पुसला, उठली, सतरंजीच्या कडेनं चालत गेली आणि नवऱ्याच्या हातातून माईक घेतला. समोरच्या मराठी बायकांनी एकमेकींचे हात धरले. त्यांना तिचा नेम ठाऊक होता.

“मला नीट ऐकू येतं,” ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. पाठीमागची माणसं पुढे झुकली. “मागं रंजनी लिफ्टमध्ये मला बिचारी म्हणाली तेही ऐकलं. गाडी ऐकू आली नाहीं, कारण तिचा आवाज काढून टाकला होता. माझ्या मुलानं वायर काढली. यांनी काढायला लावली. गाडी यांच्या पट्टीपेक्षा अर्धी खाली वाजत होती, म्हणून. हात मोडला तेव्हा मी मौनात होते, तर यांनी डॉक्टरला सांगितलं मी बहिरी आहे. मी मौनात होते म्हणूनच सांगितलं. आणि हेच आज तुमच्यासमोर, देवासमोर, पुन्हा सांगितलं.”

एवढं मराठीत झालं. मग तिनं तेच सगळं तमिळमध्ये सांगितलं, एकेक वाक्य सुटं करून, वर्गात कुणाला कळलं नाही असं राहू नये तसं.

रंजनीनं तोंडावर पदर घेतला. मागे वेंकट आपल्या बायकोला म्हणाला, “आपली गाडी बघितलीस का? नाही ना काढली कुणी वायर?” आणि ती म्हणाली, “गप्प बसा.” गिरिधर खांबाआड उभा होता, नंदिता त्याच्या पुढे, ऊर्मीला कडेवर घेऊन.

राममूर्ती उठले. चेहरा तांबडा. “हेमा, भजनाच्या जागेवर तूं हे... नेम मोडलास! एकतीस वर्षांचा नेम!”

“मोडला,” ती म्हणाली. “गाडी अंगावर आली तेव्हा मोडला नाहीं. तुमच्यासाठी मोडला. त्याचा जाब मी देवास देईन. तुमचा तुम्ही द्या.”

राघोत्तममामांनी पेटीचा भाता दाबून बंद केला. ऐंशी वर्षांचं माणूस, कापऱ्या आवाजात म्हणाले, “राममूर्ती, खरं का हें? मला रोज त्याच गाडीत घालून आणत होतास? बहिणीच्या जागी आहे रे ती मला.” आणि मग रागानं, “अर्धी पट्टी! अरे, मला सांगायचं नाहींस? मी तर वर्षभर तुला पट्टी उतर म्हणून सांगतो आहें. वरचा सा तुला लागत नाहीं. सगळ्यांस ठाऊक आहे.”

हेमावतीच्या हातातला माईक सुरूच होता. ते सगळ्यांनी ऐकलं.

राममूर्ती खाली बसले. मग माईक न घेताच म्हणाले, “खरं आहे. वायर मी काढायला लावली.” पुढची माणसं मागच्यांना ते सांगत गेली.

हेमावती परत देवळाशी आली. पाणी घेऊन हात धुतला, दिवा लावला. नावं घेताना तिचे ओठ कापत होते. भक्तीनं म्हणावं तर तसं नव्हतं. राग उतरला नव्हता. राग आणि नाव दोन्ही एकाच तोंडात घेऊन बसणं तिला आजवर जमेल असं वाटलं नव्हतं, पण जमलं. एकशे आठ पुरी केली. देवाला एवढंच सांगितलं, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.

आठ वाजता ती वर आली. नंदिता ऊर्मीची पाळणाघराची पिशवी रिकामी करत होती. राममूर्ती आरामखुर्चीत वर्तमानपत्राआड होते. गिरिधर खाली, बॉनेट उघडून, एकटाच.

नंदितानं मोबाइल उचलला. “फोन करून सांगते, ऊर्मी येणार नाही.”

“तूं नको,” हेमावती म्हणाली. मोबाइल घेऊन तिनं तो वर्तमानपत्रावर ठेवला. “ह्यांनीच तिथं जाऊन नाव घातलं होतं. आजीस ऐकू येत नाहीं म्हणून अर्जात लिहिलं होतं. हेच सांगतील.”

राममूर्तींनी बायकोकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी त्यांनी फोन लावला.

“हां... नमस्कारम. ऊर्मीचा आजोबा बोलतों. नाहीं, ताप नाहीं. ती आजपासून यायची नाहीं... घरीच. तिची आजी पाहील.” तिकडून काहीतरी विचारलं गेलं. राममूर्तींनी डोळे मिटले. “होय. येतं. ऐकू येतं तिला... नीट येतं. पहिल्यापासून येतं. चूक माझी.”

शेवटचे दोन शब्द त्यांनी अगदी तोंडातल्या तोंडात म्हटले, आणि फोन ठेवायला गेले.

हेमावती खुर्चीसमोरच उभी होती. ऊर्मीनं मागून येऊन तिच्या निऱ्या घट्ट धरल्या होत्या.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “त्या बाईला नीट ऐकू गेलं नसेल.”